जामगी विझली तर? डहाणूचा किल्ला, पेंटबॉलचा मार्कर आणि हाताशी उरणारे हत्यार

१/
पेंटबॉल खेळणाऱ्या तरुण मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. मार्कर इलेक्ट्रॉनिक घ्यावा की यांत्रिक? आणि इलेक्ट्रॉनिक घेतलाच, तर तो मैदानात बंद पडल्यावर हाताने चालवण्याची सोय असावी की नसावी? वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो फार जुना वाटेल. जानेवारी १७३९ मध्ये डहाणू, तारापूर, अशेरीच्या परिसरात लढणाऱ्या प्रत्येक बंदूकधाऱ्यापुढे हाच प्रश्न होता. आजची सूत्रमालिका त्याविषयी.

२/
आधी खेळाची थोडी ओळख. पेंटबॉलची पहिली लढत २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या रानात झाली. बारा खेळाडू होते आणि हाती ‘नेल्सपॉट ००७’ नावाची पिस्तुले होती. ही पिस्तुले खेळासाठी घडवलेली नव्हती. जंगलखात्याची माणसे तोडायच्या झाडांवर आणि गुराखी जनावरांवर दुरून रंगाची खूण करीत, त्यासाठी ती बनवली होती. म्हणून या साधनाला आजही ‘बंदूक’ न म्हणता ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारे, असे म्हणतात.

३/
यांत्रिक मार्करची रचना सरळ आहे. चाप ओढला की अडकवलेला हातोडा सुटतो, स्प्रिंगच्या जोराने झडपेवर आदळतो, दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड क्षणभर मोकळा होतो आणि ०.६८ इंच व्यासाची जिलेटिनची गोळी नळीतून बाहेर पडते. सारे काम स्प्रिंग, पोलाद आणि रबरी कडी यांचे. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो आणि बहुधा तेलाच्या दोन थेंबांनी किंवा नवी कडी बसवून दूर होतो.

४/
१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इलेक्ट्रॉनिक मार्कर बाजारात आले. त्यांत चाप म्हणजे केवळ एक बटण. बटण दाबले की सर्किटला संदेश जातो, सर्किट एका विद्युत-झडपेला काही सहस्रांश सेकंदांसाठी उघडते आणि बाकीचे काम हवा करते. नळीच्या मुळाशी अवरक्त किरणांचे ‘डोळे’ असतात. गोळी पूर्ण बसल्याखेरीज ते बार होऊ देत नाहीत, त्यामुळे आत गोळी फुटून रंगाचा चिखल होत नाही. वेग, सफाई, हलका चाप, सगळ्यांत ते यांत्रिक मार्करच्या पुढे आहेत. हे मान्य न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

५/
पण साखळी लांबली की दुवेही वाढतात. बॅटरी, तार, सर्किट, विद्युत-झडप, डोळे, चापाखालचा स्विच यांपैकी एकही रुसला तरी मार्कर मुका होतो. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावरील खारी, दमट हवा धातूच्या जोडांना गंज चढवते, आणि दमटपणाने जिलेटिनची गोळी फुगते. ‘डोळ्यां’वर रंगाचा ओघळ आला तर गोळी नसताना आहे असे यंत्राला वाटते, किंवा असताना नाही असे वाटते. मुख्य म्हणजे बिघाड कोठे झाला हे बाहेरून दिसत नाही. खेळाडू बटण दाबत राहतो आणि पलीकडून काहीच उत्तर येत नाही.

६/
आता तीनशे वर्षे मागे जाऊ. तोड्याच्या बंदुकीत एक जळती दोरी असे. तिला कोणी तोडा म्हणत, कोणी जामगी. चाप ओढला की नागफणीसारखा आकडा ती जळती दोरी घेऊन खाली येई, बंदुकीच्या कानाजवळच्या वाटीतील रंजक पेटे आणि त्याची आग कानातून आत जाऊन दारू भडके. गावचा लोहार ही बंदूक दुरुस्त करू शके. मात्र पावसाची एक सर आली, वाऱ्याने रंजक उडाले, अथवा रात्री जामगीचा लाल ठिपका शत्रूला दिसला, की शिपायाची पंचाईत होई.

७/
त्यानंतर चकमकीची बंदूक आली. जामगीच्या जागी घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा बसला. चाप ओढला की गार पोलादावर घासून ठिणगी पडे. जळती दोरी सांभाळण्याचा त्रास संपला. अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपच्या बहुतेक सैन्यांनी ती स्वीकारली होती. हिंदुस्थानात तोड्याची बंदूक त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. ‘आपले लोक मागासलेले होते म्हणून’ असा निकाल आपण चटकन देतो. तो देण्यापूर्वी पुढचे आकडे पाहावेत.

८/
१८३४ मध्ये इंग्लंडात वूलिच येथे बंदुकांची चाचणी घेण्यात आली. चकमकीच्या बंदुकांनी ६,००० बार करण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी ९२२ फुसके गेले. म्हणजे साधारण दर सहा-सात बारांमागे एक. हे दोन शतके सुधारत आलेल्या यंत्राचे आकडे आहेत, तेही शांत चाचणीतले. रणांगणावरील धूर, घाम, झिजलेली गार आणि थरथरता हात धरले तर काय होत असेल याची कल्पना करावी. नव्या टोपीच्या बंदुकीचे तितक्याच बारांत केवळ ३६ फुसके गेले. हा दुसरा आकडाही लक्षात ठेवा. त्याकडे परत यायचे आहे.

९/
आता आपल्या मुलखात येऊ. सोळाव्या शतकापासून उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे. डहाणूच्या खाडीकाठचा किल्ला, तारापूर, केळवे-माहीम, शिरगाव आणि आतल्या बाजूस अशेरीचा डोंगरी दुर्ग अशी ही साखळी होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टीपासून मोहीम उघडली. पुढे चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली १७३९ च्या आरंभी ही उत्तरेकडील ठाणी एकामागून एक पडली. डहाणू त्यांतलेच एक.

१०/
यांत तारापूरचा प्रसंग विशेष बोलका आहे. तटाखाली सुरुंग लावून तो फोडला गेला. सुरुंग हे त्या काळचे सर्वांत प्रगत तंत्र. पण तट फुटल्यावर आतला किल्ला सुरुंगाने हाती येत नाही. खिंडारातून माणसे शिरली आणि पुढचा निकाल हातघाईने लागला. बाजी भीवराव रेठरेकर हे नामांकित सरदार तेथे गोळी लागून पडले. पोर्तुगीजही शर्थीने लढले. दोन्ही पक्षांकडे दारूगोळा होता. तरी एकदा अंतर मिटले की बंदूक पुन्हा ठासायला सवड नसते. तेव्हा कमरेची तलवारच कामी येते.

११/
वसईला मे १७३९ मध्ये याच तंत्राची दुसरी बाजू दिसली. बुरुजाखाली अनेक सुरुंग लावले होते. काही उडाले, खिंडार पडले, मराठे आत धावले. आणि जे वेळेवर उडाले नव्हते, ते नंतर उडाले. आपल्याच सुरुंगाने आपली माणसे गारद झाली. बिघाडाचे हे सर्वांत घातक रूप आहे. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. यंत्र चुकीच्या वेळी चालू झाले तर त्याला आवर घालणारा हात कोठून आणायचा? त्यानंतरही हल्ले थांबले नाहीत. सुरुंग, तोफा, शिड्या आणि माणसे असे सारे एकत्र लावून वसई घेतली गेली.

१२/
मोहिमेचे वेळापत्रकही पाहा. मराठी फौजा दसऱ्यानंतर बाहेर पडत आणि मृगाच्या आत परतत, हे शालेय पुस्तकांतही असते. त्यामागे शेती होती, भरलेल्या नद्या होत्या, आणि भिजणारी दारूही होती. वैतरणा आणि सूर्या दुथडी भरून वाहू लागल्यावर तोफा हलत नाहीत आणि रंजक कोरडे राहत नाही. वसईचा निकाल मे महिन्यात लावणे म्हणूनच निकडीचे होते. आपले साधन कोणत्या हवेत दगा देते हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते आणि मोहिमेचा बेत ते त्याच हिशेबाने आखत.

१३/
हे ज्ञान नसले तर काय होते याचे उदाहरण पलाशीचे. २३ जून १७५७. दुपारी जोराचा पाऊस आला. इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या ओढल्या. नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. इंग्रजांचीही भिजली असेल असे समजून मीर मदनने घोडदळ पुढे काढले आणि ते कोरड्या तोफांच्या तोंडी सापडले. पलाशीचा निकाल फितुरीने लागला हे खरेच. पण त्या दुपारच्या लढाईला कलाटणी दिली ती एका ताडपत्रीने. हाताने ओढायची, दोन-चार रुपयांची ताडपत्री!

१४/
दुसरे उदाहरण आपल्याच शिपायांचे. ३० मे १८४१, चीनमधील कँटन शहराबाहेर सानयुआनलीचा परिसर. ३७ व्या मद्रास पलटणीची एक कंपनी वादळी पावसात मुख्य फौजेपासून तुटली. चकमकीच्या बंदुका भिजून निकामी झाल्या, सभोवती हजारोंचा जमाव. शिपायांनी चौकोन बांधला आणि संगिनींच्या बळावर तग धरला. अखेरीस टोपीच्या बंदुका घेतलेले नौसैनिक त्यांना शोधत आले. त्यांचे बार पावसातही होत होते. त्यांनीच या तुकडीची सुटका केली.

१५/
या प्रसंगाचा अर्थ नीट लावायला हवा. संगिनीने वेळ मिळवून दिला, पण सुटका नव्या तंत्राने झाली. म्हणून ‘जुने तेच सोने’ असा सोयीचा निष्कर्ष येथून निघत नाही. वूलिचचा ३६ हा आकडाही तेच सांगतो: नवे यंत्र जुन्याहून कितीतरी अधिक भरवशाचे असू शकते. वाद नवे विरुद्ध जुने असा मांडला की तो फसतो. विचारायचे ते दोन प्रश्न असे. हे साधन कोणत्या प्रसंगी दगा देते? आणि त्या वेळी ज्याच्या हाती ते आहे, त्याला काय करता येते?

१६/
हाताशी पर्याय आहे म्हणजे भागले, असेही नाही. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमधील किलिक्रँकी येथे सरकारी फौजेकडे संगिनी होत्या. पण त्या जुन्या घाटाच्या. त्यांचा दांडा बंदुकीच्या तोंडातच खुपसावा लागे. संगीन लावली की बार बंद! डोंगरी टोळ्या तलवारी उगारून उतारावरून धावत आल्या. शिपाई संगिनी बसवीपर्यंत त्या अंगावर येऊन धडकल्या. पुढे संगीन नळीच्या बाहेरून कड्याने बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि मगच बंदूक व भाला एकाच वेळी एका हाती आले.

१७/
या साऱ्यांतून राखीव सोयीच्या तीन कसोट्या निघतात. एक, ती मुख्य साधनाच्या आड येता कामा नये. दोन, मुख्य साधन ज्या कारणाने पडते त्याच कारणाने ती पडता कामा नये. भिजणाऱ्या बंदुकीला आधार म्हणून दुसरी भिजणारी बंदूक काय कामाची? तीन, ती वापरण्याचा सराव आधी झालेला असावा. म्यानात गंजलेली तलवार आणि पिशवीच्या तळाशी पडलेला सुटा भाग यांत फारसा फरक नाही.

१८/
हीच कसोटी माणसांनाही लागू पडते. आसईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, शिंद्यांचा तोफखाना उत्तम होता. वेलस्लीच्या फौजेची त्याने मोठी हानी केली. पण कवायती कंपूंची सारी घडण युरोपीय अधिकाऱ्यांवर उभी होती. युद्ध सुरू होताच इंग्रजांनी त्यांना फोडण्याचे जाहीरनामे काढले आणि अनेकजण नोकरी सोडून गेले. तोफा होत्या, गोलंदाज मरेपर्यंत तोफेशी उभे राहिले. मात्र ऐनवेळी सोडून गेलेल्यांची जागा घेणारी आपली फळी तयार केलेली नव्हती. तोफ उसनी घेता येते. तिच्यामागचे डोके उसने घेतले की ते परतही जाते.

१९/
एक आक्षेप येथे विचारात घ्यायला हवा. हाताचे, तोंडचे, माणसांचे साधन तरी कोठे अचूक असते? याच मुलखातील उदाहरण घ्या. १९४५ मध्ये वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा गावोगावी तोंडी निरोपांनी पसरला. ना फोन होता, ना छापील पत्रके वाचणारे वाचक. तीच त्या लढ्याची ताकद होती. पण १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे खोट्या निरोपामुळे हजारो लोक जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. माणसांची साखळीही फितवता येते, फसवता येते.

२०/
आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच मुद्दा पक्का होतो. कोणत्याही एकाच साधनावर सारा भार टाकू नये. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि डहाणू-तलासरीच्या परिसराने भूकंपाचे धक्के सोसले. फेब्रुवारी २०१९ च्या पहिल्याच दिवशी ४ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. भूकंपमापक यंत्रे बसली, ती बसायलाच हवी होती. पण यंत्र धक्क्याची नोंद करते, तो केव्हा येणार हे सांगत नाही. घराबाहेर मोकळ्यावर कोठे जायचे, म्हाताऱ्यांना कोणी धरायचे, हे ज्या घरात आधी ठरलेले होते, तेथे ती रात्र थोडी सोपी गेली असेल. यंत्र आणि सराव एकमेकांना पूरक असतात; एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

२१/
आता मार्करविषयी स्पष्ट मत. इलेक्ट्रॉनिक जरूर घ्या. पण बॅटरी संपल्यावर यांत्रिक पद्धतीने चालेल अशी सोय असलेला मिळाला तर तो पसंत करा. तसा नसेल तर चमूत एक तरी साधा, पंपाचा अथवा स्प्रिंगचा मार्कर ठेवा. त्याचा वेग कमी असेल, दोन बारांत अंतर पडेल, पण मैदानात तुम्ही हातपाय गाळून उभे राहणार नाही. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम बॅटरी काढून खेळा. सराव नसलेला आधार तिसऱ्या कसोटीत नापास होतो. मुखवटा मात्र एकच असतो आणि त्याला पर्याय नाही. तो कधीही काढू नका.

२२/
शिवाय खेळाचा मूळ इतिहासही हेच सांगतो. १९८१ च्या त्या पहिल्या लढतीत जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलखात्याशी संबंधित गृहस्थ. त्याने रानातून नि:शब्द फिरून सर्व झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. त्याला रान वाचता येत होते. मार्कर चालला असता की नाही, हा प्रश्नच त्याच्यापुढे उभा राहिला नाही.

२३/
इतिहास वाचणाऱ्यांसाठी मात्र यात अधिक मोलाचे काही आहे. आपल्याकडे दोन टोकांची घाई असते. एक म्हणते, ‘आपली शस्त्रे मागास होती म्हणून हरलो.’ दुसरे म्हणते, ‘तलवारीपुढे बंदूक काय टिकणार!’ दोन्ही वाक्ये समाजमाध्यमांवर भरपूर टाळ्या घेतात आणि दोन्ही वाक्ये वूलिचच्या आकड्यांपुढे, तारापूरच्या खिंडारापुढे, आसईच्या तोफांपुढे टिकत नाहीत. १७३९ च्या मराठ्यांनी सुरुंगही वापरले आणि तलवारीही. त्यांनी या दोहोंत निवड केली नाही. कोणते कधी संपते हे ओळखून दुसरे हाताशी ठेवले.

२४/
त्यामुळे यापुढे एखाद्या लढाईचे वर्णन वाचताना शस्त्रांची यादी करून थांबू नका. त्या दिवशी पाऊस होता का? दारू कोणी झाकली? बार फुसका गेला तेव्हा त्या शिपायाने काय केले? पडलेल्याची जागा घेणारा तयार होता का? बखरी, पत्रे, इंग्रजी-पोर्तुगीज कागद यांत ही उत्तरे विखुरलेली असतात, शोधणारा हवा. निकालाचे खरे कारण पुष्कळदा या बारीक प्रश्नांच्या उत्तरांत सापडते.

२५/
डहाणूच्या खाडीकडे कधी गेलात तर किल्ला पाहून या. शक्य झाल्यास तारापूर आणि अशेरीही त्याच फेरीत करा. या तीन ठाण्यांतील अंतरे पायी किंवा घोड्यावर किती वेळात कापली जात असतील, दारूची पोती कोणत्या वाटेने वाहिली असतील, वाटेत ओढे किती लागतात, हे नकाशावर मांडून पाहा. फोनमधला नकाशा वापरा, हरकत नाही. मात्र एक कागदी नकाशाही जवळ ठेवा. अशेरीच्या जंगलात फोनची रेंज जाते तेव्हा तो कामी येतो.

सूत्रमालिका उपयुक्त वाटली तर पुढे पाठवा, आणि आपल्या भागातील अशी उदाहरणे खाली अवश्य नोंदवा.